साक्षीतून गाळलेल्या गोळ्या

नाताळ अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून आमच्या चर्चचे पाळकसाहेब तीन वर्षं माझ्या मागे लागले होते. मी आपली टाळत होते. त्यांना काय पाहिजे ते मला ठाऊक होतं. अमक्याला डॉक्टरांनी सोडून दिलं होतं, बाईंनी डोक्यावर हात ठेवला आणि तो उठून चालायला लागला, असलं काहीतरी. मी ते लिहायला बसले की एक माणूस डोळ्यांपुढं येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "बाई, माझं बी सांगा की. खरं हाय तसं." यंदा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, घरात बसून आहे, सबब उरली नाही. तेव्हा सांगते, खरं आहे तसं.

मी सत्तावीस वर्षं कोल्हापुरात मिशनच्या दवाखान्यात होते. नर्स नव्हे, डॉक्टर नव्हे. माझा हुद्दा इंग्रजीत होता, तो कुणाच्या तोंडात बसला नाही. शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे मला 'प्रार्थनेच्या बाई' म्हणत. लग्नकार्यात कुणी विचारलं, काय करता, तर मी सांगे, दवाखान्यात असते. लगेच बायका पर्समधून आपापल्या पित्ताच्या गोळ्या काढून दाखवायच्या.

लोकांना वाटतं, यात काम ते काय? डोळे मिटायचे, चार वाक्यं बोलायची, आमेन म्हणायचं आणि चहाला जायचं. अहो, करून बघा एकदा. सकाळी आठला व्हरांड्यात पाच मिनिटांची उपासना, मग वॉर्ड. विचारल्याशिवाय कुणासाठी प्रार्थना करायची नाही. माणूस कुठल्या का धर्माचा असेना, "चालेल का?" म्हणायचं, आणि तो "नको" म्हणाला तर तोंड वाकडं न करता पुढच्या कॉटकडं जायचं. कॉटवर टेकायचं नाही, टाके ओढले जातात. नाव नीट विचारून घ्यायचं. एकदा मी पाय मोडलेल्या शालनबाईंच्या उशाशी उभी राहून शेजारच्या शांताबाईंच्या पित्ताशयासाठी देवाला साकडं घालत होते. शालनबाईंनी बिचाऱ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, माझं पित्ताशय चांगलं हाय वो, पायाचं तेवढं बगा." आणि डोळे पुरते मिटायचे नाहीत, हे तर मी पहिल्याच वर्षी शिकले. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या एका पेशंटसाठी मी मनापासून प्रार्थना करत होते, तेवढ्यात त्याच्या बहिणीनं त्याला अर्धी भाकरी आणि खर्डा चारला. ऑपरेशन पुढं गेलं. सिस्टर माझ्यावर अशा खवळल्या की विचारू नका.

माणसं कसली कसली भेटली! शाहूवाडीकडचे एक आजोबा हर्नियासाठी आले होते. "चालेल का?" म्हटलं तर म्हणाले, "चालंल की. पर पयल्यांदा म्हशीसाठी करा. दोनदा गाभडली बगा ती, पोटातलं टिकंना." आता म्हशीसाठी प्रार्थना करायची का, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. केली. वर्षभरानं आजोबा डबाभर खरवस घेऊन हजर. म्हैस व्याली होती, रेडी झाली होती. मी विचारलं, "आणि हर्निया?" तर म्हणाले, "त्ये व्हय? त्ये डॉक्टरानं केलं की." म्हणजे म्हैस माझ्या खाती आणि हर्निया डॉक्टरांच्या. मी खरवस वॉर्डभर वाटला आणि दिवसभर फुशारकीत होते. आता हसू येतं, पण ती फुशारकी पुढं मला महागात पडणार होती.

दुसरे उचगावचे एक गुरुजी. बौद्ध होते, शाळेतून निवृत्त झालेले, हृदयाचं दुखणं. त्यांनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं, "बाई, मी प्रार्थनेतला माणूस न्हाय. पण रोज येताय, तसंच जाऊ नका. बसा दहा मिनिटं." मी स्टूल ओढून बसले. बोलायचं काय? काही सुचेना. तोंड मिटून बसणं मला जन्मात जमलेलं नाही. दुसऱ्या दिवशी परत बसले. तिसऱ्या दिवशी उठताना गुरुजी म्हणाले, "आज बरं बसलात. काल घड्याळाकडं बघत होता." गुरुजी बरे होऊन घरी गेले. जाताना त्यांनी माझे आभार मानले, आणि कशाबद्दल ते मला त्या वेळी कळलं नाही.

आता दानियलचं सांगते.

दानियल आमच्याच मंडळीतला, म्हणजे आमच्या चर्चमधला, उचगावला राहायचा. वय पस्तिशीचं. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत भट्टीवर होता. भट्टीतलं वितळलेलं लोखंड मोठ्या पळ्यासारख्या भांड्यातून साच्यात ओतायचं, हे त्याचं काम. हात जरा हलला तर साचा फुकट आणि पाय जायचा. या कामाचा त्याला फार तोरा होता. लहानपणापासून मी त्याला ओळखत होते. एके दिवशी चहाच्या टपरीवर त्याला फिट आली. महिन्याभरात आणखी दोन. आमच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी सुरू केली आणि बजावलं, "निदान दोन-तीन वर्षं गोळ्या थांबवायच्या नाहीत. आणि भट्टीजवळ जायचं नाही." फौंड्रीनं त्याला माल मोजून ट्रकात भरायच्या कामावर टाकलं. त्या दिवशी तो माझ्याकडं येऊन रडला. "बाई, पोती मोजायला ठेवलं मला. भट्टीवरची पोरं हसत्यात."

मी त्याच्यासाठी झटून प्रार्थना केली. रोज. दर रविवारी तो उपासनेनंतर थांबायचा, मी डोक्यावर हात ठेवायची. चार महिने झाले, एकही फिट आली नाही. आणि मला काय वाटायला लागलं सांगू? त्या दिवसांत मला देवाची इच्छा फारच स्वच्छ कळत असे. इतकी, की खुद्द देवालाही काही शंका आली असती तर त्यानं मलाच विचारलं असतं. मी दानियलला सांगून टाकलं, "तू बरा झालास. देवाची तशी इच्छा आहे, मला कळलंय."

आमच्या मंडळीत साक्ष देण्याची रीत आहे. ज्याला देवाचा अनुभव आला त्यानं उपासनेत सगळ्यांपुढं उभं राहून तो सांगायचा. चांगली रीत आहे, पण आमची माणसं बोलायला उभी राहिली की पणजोबांपासून सुरुवात करतात. त्यामुळं साक्षीदाराला आदल्या दिवशी बसवून ऐकून घ्यायचं आणि तीन मिनिटांत बसेल असं कापून द्यायचं, हे काम माझ्याकडं होतं. त्यात हंगामाचा सण जवळ आला होता. त्या दिवशी लोक शेतातलं, परसातलं, काहीच नसेल तर बाजारातलं आणून देवापुढं ठेवतात. ऊस, भोपळे, केळीचे घड, जिवंत कोंबड्या. उपासनेनंतर सगळ्याचा लिलाव होतो. कोंबड्या ओरडत असतात, लोकांचं लक्ष भोपळ्यांवर असतं. अशा वेळी साक्ष लांबली तर कोण ऐकणार?

शनिवारी दानियलनं मला त्याची साक्ष म्हणून दाखवली. टपरीवरची फिट, लोकांनी नाकाला लावलेली चप्पल, कांदा, बायकोचं रडणं, डॉक्टर, तपासण्या, गोळ्या, प्रार्थना. दहा मिनिटं झाली. मी म्हटलं, "चप्पल गाळ. कांदा गाळ. तपासण्या गाळ. गोळ्यांचंही गाळ."

तो थांबला. "गोळ्यांचं नगं म्हणायला, बाई?"

"नको," मी म्हटलं. "देवाचा महिमा कमी होतो."

हे वाक्य माझं. पाळकसाहेबांचं नाही, शास्त्रातलं नाही, माझं. घाईत बोलले, पण बोलले. आजही ते आठवलं की माझी मला चीड येते.

सणाच्या दिवशी साक्ष झकास झाली. तीन मिनिटांत आटोपली. "बाईंनी प्रार्थना केली, प्रभूनं मला बरं केलं, आता फिट येत न्हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. मी पहिल्या रांगेत ताठ बसले होते. लिलावात मी एक भोपळाही घेतला, आणि पैसे मोजताना दोनदा चुकले.

तीन आठवड्यांनी, दुपारी एकच्या सुमाराला, दानियलची बायको सुनंदा धापा टाकत वॉर्डात आली. तिच्या हातात गोळ्यांची पाकिटं होती, एकही गोळी न काढलेली. तांदळाच्या डब्यात सापडली होती.

"बाई, सणापास्नं एक बी गोळी घेतली न्हाय त्यानं! इचारलं तर म्हणतोय, सगळ्यांच्या म्होरं बरा झालो म्हणून सांगितलं, आता चोरून गोळी खाऊ व्हय? देवाला काय तोंड दाखवू? बाईंनीच गोळ्यांचं नाव काढू नगं म्हणून सांगितलंय म्हणतो. तुमी सांगितलंय?"

मी मान हलवली, हो.

"आन् आज तीनच्या पाळीला भट्टीवर जाणार हाय. फौंड्रीतली दोघं आपल्या मंडळीतलीच की. त्यांनी सायबाला सांगितलं, हा बरा झालाय, आमी आमच्या कानानं ऐकलंय म्हणून. माणसं कमी हायत, सायब बी व्हय म्हणाला. फोन उचलंना बगा तो. बाई, त्यो भांडं घेऊन हुबा असताना फिट आली तर?"

तिनं पुढचं बोलायची गरज नव्हती. माझ्या कात्रीनं कापलेली साक्ष त्या माणसाला डॉक्टरचं सर्टिफिकेट म्हणून चालत होती!

मी डॉक्टरांना दारातच गाठून दोन वाक्यांत सांगितलं. ते म्हणाले, "आधी त्याला भट्टीपासून लांब ठेवा. बाकी मग बोलू." आम्ही दोघी रिक्षात बसलो. पंचगंगेच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. उसाचा ट्रॅक्टर पुढं, मागं दोन ट्रॉल्या. सुनंदा म्हणाली, "बाई, प्रार्थना करा की." इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडातून शब्द निघेना. देवाची इच्छा काय आहे हे सांगणारी मी, मला त्या पुलावर काहीसुद्धा कळत नव्हतं. मी एवढंच म्हणत होते, प्रभू, ट्रॅक्टर हलव. प्रभू, ट्रॅक्टर हलव.

पावणेतीनला पोचलो. गेटवरच्या वॉचमननं अडवलं. "कुणाकडं पावणं? आत सोडायला परवानगी न्हाय." मी म्हटलं, "सोडू नका. दानियलला भायेर बोलवा. घरी अडचण हाय म्हणून सांगा." घाबरले की माझी भाषा आपोआप गावाकडं वळते.

दानियल बाहेर आला. कामाचे कपडे, जाड बूट, चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी आलेला तोरा. सुनंदाला बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

मी सरळ सांगितलं. "दानियल, गोळ्यांचं गाळ म्हणून मी सांगितलं ते चूक होतं. आज भट्टीवर जायचं नाही."

"आता म्हणताय व्हय?" तो चिडला. "मग देवानं मला बरं केलं न्हाय म्हणा की! तुमाला कळलं हुतं न्हवं देवाची इच्छा?"

"मला कळलं नव्हतं. मला तसं वाटलं होतं. वाटलेलं मी कळलेलं म्हणून सांगितलं."

"म्हणजे साक्ष खोटी? सगळ्या मंडळीम्होरं मी खोटं बोललो?"

"तू नाही. तू पूर्ण सांगत होतास. खोटी मी केली, कापून."

आतून भोंगा वाजला, तीनच्या पाळीचा. तो वळला. माझ्याजवळ आणखी सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. वॉचमनच्या खोलीबाहेर सिमेंटचा कट्टा होता. मी त्यावर जाऊन बसले. दानियल दोन पावलं गेला, थांबला, मागं बघितलं, आणि येऊन माझ्या शेजारी बसला. पलीकडं सुनंदा बसली. मी प्रार्थना केली नाही, उपदेश केला नाही, घड्याळाकडंही बघितलं नाही. आत माणसं कामाला लागल्याचे आवाज यायला लागले.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "पोती मोजायलाच जाऊ काय परत?"

"जा," मी म्हटलं. "मी रोज येऊन तुझ्याबरोबर मोजते पाहिजे तर."

"तुमाला मोजता येत न्हाय बाई. हंगामाच्या लिलावात बगितलंय मी." असं म्हणून तो हसला, आणि हसता हसता रडायला लागला. सुनंदानं त्याचा हात धरला. तो आत जाऊन साहेबाला काय ते सांगून आला आणि आम्ही तिघं परत दवाखान्यात आलो. डॉक्टरांनी त्याला भरपूर सुनावलं, मला त्याहून जास्त, गोळ्या परत सुरू केल्या आणि त्याला आठवडाभर घरीच बसायला सांगितलं.

चौथ्या दिवशी दुपारी साडेतीनला दानियलला फिट आली. घरात, चटईवर बसून चहा पिताना. ओठ चावला गेला, कप फुटला, बाकी काही नाही. सुनंदानं फोनवर सांगितलं, "कुशीवर वळवलं, डॉक्टरांनी शिकवल्यागत. आता झोपलाय. बाई, साडेतीन वाजले हुते बगा." मला वेळ कळली. त्या वेळी तो भट्टीवर असता. मी फोन ठेवला आणि वॉर्डाच्या मधोमध फरशीवर फतकल मारून बसले. रडत होते की हसत होते, मलाच सांगता येत नव्हतं. सिस्टर पाणी घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं मलाच काहीतरी झालं. सुटले हो, सुटले, एवढंच मी म्हणत होते.

त्या रविवारी मी साक्षीला उभी राहिले. मंडळीला सांगितलं, सणाच्या दिवशी तुम्ही ऐकलीत ती साक्ष अर्धी होती. दानियल गोळ्या घेत होता, ते मी गाळायला लावलं. मग त्यानं गोळ्या बंद केल्या आणि थोडक्यात वाचला. पाळकसाहेब खुर्चीत चुळबुळ करत होते. मागच्या रांगेतून एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, "म्हणजे त्याला देवानं बरं केलं का गोळ्यांनी, ते एकदा सांगा की!"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

इतकी वर्षं मंडळीत उभी राहून बोलले, पण हे वाक्य पहिल्यांदाच तोंडातून आलं. आणि काय सांगू, इतकं हलकं वाटलं! देवाच्या मनातलं सगळं मला ठाऊक असलंच पाहिजे, हे ओझं कुणी माझ्या डोक्यावर दिलं नव्हतं, मीच उचलून घेतलं होतं. ते तिथंच खाली ठेवलं. बायकांच्या बाजूनं सुनंदा उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "गोळ्या चालू हायत त्याच्या. रोज मी देती. गिळेपर्यंत गिलास धरून हुबी असती." लोक हसले. दानियलनं मान खाली घातली, पण तोही हसत होता.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी शेकडो लोकांच्या उशाशी उभी राहिले. बरं कर म्हणून मागणं मी सोडलं नाही, का सोडू? मागायचं ते मोठ्यानं मागावं. पण 'मला कळलंय' हे शब्द सोडले. नातेवाईक विचारायचे, "बाई, देवाची इच्छा काय हाय?" मी म्हणायची, "मला ठाऊक नाही. मी बसते तुमच्याजवळ." काही बरे झाले, काही गेले. गेले त्यांच्या घरचे अजून भेटतात, थांबून बोलतात. साक्षीही तपासून दिल्या, पण कापताना आधी विचारायची, गोळ्या कुठल्या चालू आहेत?

मागच्या महिन्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दानियल आणि सुनंदा दवाखान्यात आले. सहा वर्षं झाली त्या गोष्टीला. आता तो त्या माल भरायच्या विभागाचा प्रमुख आहे, हाताखाली आठ माणसं आहेत. आता दोनऐवजी एकच गोळी चालू आहे. फिट त्यानंतर आली नाही. का आली नाही, ते मला विचारू नका.

कॉटजवळ उभा राहून तो म्हणाला, "बाई, प्रार्थना करू काय? चालंल?"

आधी विचारून घ्यायचं हे तो कुठं शिकला कोण जाणे. मी म्हटलं, "चालेल की."

त्यानं डोळे मिटले. "प्रभू, बाईंचा गुडघा बरा कर. तुझ्या मनात काय हाय ते आमाला ठावं न्हाय, पर आमच्या मनात काय हाय ते तुला ठावं हाय. आन् त्यांना व्यायाम करायची बुद्धी दे, सिस्टर सांगत हुत्या टाळत्यात म्हणून. आमेन."

मग डोळे उघडून म्हणाला, "साक्ष कधी देताय?"

"पायावर उभी राहिले की देईन."

"आधी मला म्हणून दाखवा. काय गाळलंय ते बगतो." आणि टेबलाकडं बघून, "दुपारची गोळी हितंच हाय की अजून!"

खरंच राहिली होती. मी म्हटलं, घेते मग, ठेव तिथं. तो हलला नाही. मुकाट्यानं मी गोळी तोंडात टाकली, आणि ती गिळेपर्यंत दानियल पाण्याचा ग्लास धरून उभा राहिला.